खळीचे डाग : सोलापुरातल्या एका छापखान्याच्या चिकटवहीचं प्रकरण

गड्ड्याची यात्रा उठून आठ दिवस झाले असतील. साखर पेठेतून एका वहिनींचा फोन आला. "ताई, मामंजींच्या प्रेसमधलं सामान निघालंय. खिळे उद्या वजनावर जाणार. कागदांचं काय करायचं तेवढं येऊन बघा." मी इथे उपयोजित कला शिकवते आणि जुनी लेबलं जमवते, हे गावातल्या दोन-चार रद्दीवाल्यांना माहीत आहे. नंबर तिथूनच गेला असणार.

प्रेस म्हणजे घराचा पुढचा सोपा. पायाने चालवायचं छपाईचं एक ट्रेडल, कागद कापायचं मशीन आणि भिंतीला लागून खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, केसेस : मराठी, कन्नड, तेलुगू, इंग्रजी. सोलापुरात याचं कुणाला नवल वाटणार नाही. विणकराच्या घरात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूने आलेल्याच्या तोंडी कन्नड, कचेरीत मराठी, बाजारात या सगळ्यांबरोबर उर्दू. उर्दूचे खिळे मात्र नव्हते. नस्तालिकाची, म्हणजे उर्दू लिहिण्याच्या वळणाची, तिरकी उतरण खिळ्यांत बसत नाही, म्हणून मजकूर कातिबाकडून, म्हणजे सुलेखन करणाऱ्याकडून, लिहून घ्यायचा आणि त्याचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करायचा, असा रिवाज होता.

खिळे वाचले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. शिसं, अँटिमनी आणि कथलाच्या त्या मिश्रणाला भंगारात किलोवर भाव मिळतो आणि घराला पैशांची गरज होती. समोरच्या माणसाला त्यावर ऐकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. एक मराठी आणि एक तेलुगू केस मी विकत घेतली, बाकीचं टेम्पोत चढलं. उरलं ते असं : लाकडी ठोकळ्यांवर ठोकलेले जस्ताचे ब्लॉक सहा ड्रॉवर भरून, अर्धं फाटलेलं जॉबबुक, म्हणजे प्रेसच्या कामांची वही, कागदांच्या दोन ट्रंका आणि दोन जाडजूड चिकटवह्या.

पुढची सगळी हकिगत यातल्या पहिल्या चिकटवहीची आहे.

लाल कापडी बांधणीची, व्यापाऱ्याकडे असते तशीच वही. पहिल्या पानावर श्री, त्याखाली शुभ-लाभ आणि 'शके १८७०, कार्तिक शुद्ध प्रतिपदा'. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १९४८ चा दिवाळी पाडवा. नोव्हेंबरची सुरुवात. वहीपूजन करून मालकांनी त्यात पहिला नमुना डकवला, आणि तिथून पुढे प्रेसमधून बाहेर पडलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत खळीने चिकटत गेली. बिडीच्या कट्ट्यांची लेबलं, चादरींची लेबलं, साबणाची वेष्टनं, लग्नपत्रिका, नाटकाची हँडबिलं, निवडणुकीची पत्रकं, सराफाच्या पावत्या. पहिल्या पानाखेरीज मालकांनी तारीख कुठेच लिहिलेली नाही. प्रत्येक नमुन्याखाली कॉपी पेन्सिलने लिहिलेला जॉब नंबर तेवढा होता.

वही वाईट अवस्थेत होती. सोलापूरचा उन्हाळा कागदाला तळून काढतो. पान उलटताना कोपरा हातात यायचा. कसरीने कडा खाल्ल्या होत्या, आणि खळ म्हणजे शेवटी कणीकच, त्यामुळे जिथे खळ जाड तिथे भोकं जास्त. मी वही उघडली आणि मला दिसली ती चित्रं. काय सुंदर चित्रं होती! दोन रंगांत काढलेल्या बायका, मोर, मागावर बसलेला माणूस, विमान, नारळ घेतलेला हात, आणि मराठी अक्षरांचे असे नमुने की वर्गात नुसते भिंतीला लावले तरी तास संपावा.

आणि मी ते केलं, जे करायला नको होतं.

वही सुटायलाच लागली आहे, कसर आणखी खाईल, त्यापेक्षा चांगली लेबलं काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवू, असं मी स्वतःला पटवलं. दोन विद्यार्थी मदतीला घेतले. चहाच्या किटलीच्या वाफेवर पान धरायचं, खळ भिजली की बोटाने लेबल सोडवायचं, टीपकागदात दाबायचं. दोन दुपारी बसून एक्केचाळीस लेबलं काढली आणि विषयवार लावली : 'स्त्रिया', 'प्राणी-पक्षी', 'देवदेवता', 'यंत्रं', 'नुसती अक्षरं'. फोटो काढले. दिसायला झकास. ज्यांत चित्र नव्हतं ती हँडबिलं आणि पत्रकं मी वहीत तशीच सोडली, आणि जी आपणहून निखळून पडली होती ती 'किरकोळ' लिहिलेल्या पाकिटात टाकली.

पहिला धक्का दुसऱ्याच दुपारी बसला होता, पण मी तो मनावर घेतला नाही. कॉपी पेन्सिलीत ॲनिलीनचा रंग असतो. कोरडी असताना ती करडी दिसते, ओल लागली की जांभळी होऊन पसरते. लहानपणी आपण जिभेला लावून बघायचो तीच ती. वाफेने सहा लेबलांखालचे जॉब नंबर फुलून गेले आणि वाचता येईनासे झाले. "जाऊ दे, नंबरच तर आहेत," असं मी म्हणाल्याचं माझ्या विद्यार्थिनीला चांगलं आठवतं. ती अधूनमधून आठवणही करून देते.

काय गमावलंय ते मला एका चित्र नसलेल्या कागदाने सांगितलं.

प्रेसमध्ये पूर्वी काम केलेले एक कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे, अशोक चौकाच्या बाजूला राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरची भाषा तेलुगू, मराठी अस्सल सोलापुरी. ते माझ्या खोलीवर आले, फोल्डर बघितले, छान आहे म्हणाले आणि मग विचारलं, "आणि वही कुठाय?" वही पुढे ठेवली. रिकाम्या पानांवरून हात फिरवत ते गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, हे काय करून ठेवलाव ओ? मालक काम झालं की त्याच दिवशी डकवायचे. गिऱ्हाईक आलं, मागल्या सालचं तसंच छापा म्हणालं, की वही काढायची, पान काढायचं, नंबर बघून ड्रॉवरमधनं ब्लॉक काढायचा. हे चित्रांचं पुस्तक नव्हतं की."

मग त्यांनी 'किरकोळ' पाकीट उपसलं आणि त्यातून एक पिवळं हँडबिल वर काढलं. गिरणी कामगारांच्या सभेची सूचना. जुनी गिरणी बंद पडल्याबद्दलची.

सोलापूरकराला जुनी गिरणी म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या गिरण्या ऑगस्ट १९४९ मध्ये बंद झाल्या, जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार हातात घेतला, आणि त्याविरुद्ध एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९५० चा तो निकाल, चरणजितलाल चौधरी खटल्याचा, कायद्याचे विद्यार्थी समतेच्या हक्कासाठी आजही वाचतात. आपल्या गावच्या गिरणीवरून राज्यघटनेच्या पुस्तकात एक प्रकरण तयार झालं, हे इथल्या कितीजणांना ठाऊक असेल कुणास ठाऊक.

तर ते हँडबिल वहीत ज्या पानावर होतं, त्याच्या आगेमागे डकवलेली सगळी लेबलं १९४९ च्या पावसाळ्यातली. तारीख छापलेला, चित्र नसलेला, मला टाकाऊ वाटलेला कागद शेजारच्या दहा चित्रांना साल देत होता. तसेच पुढे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची पत्रकं, म्हणजे १९५१ ची अखेर किंवा १९५२ ची सुरुवात. क्रम हीच या वहीची तारीख होती, आणि तो मी किटलीवर धरून सोडवला होता.

दप्तर सांभाळणाऱ्यांचा पहिला नियम हाच आहे : आलेला क्रम मोडायचा नाही, आपल्याला तो कितीही गैरसोयीचा वाटला तरी. तो मी वाचला होता. पण आम्हा चित्रकलेच्या लोकांचा डोळा आधी चित्राकडे जातो, आणि मग हातही.

वही पुन्हा लावायला तीन महिने गेले. कशी लावली ते जरा सविस्तर सांगते, कारण दुसऱ्या कुणाच्या घरी अशी वही निघाली आणि कुणीतरी आधीच ती उचकटलेली असली, तर उपयोग होईल.

पानावर लेबल नसलं तरी खळ राहते. खळीचा डाग लेबलाच्या आकाराचा असतो, कडेला थोडा गडद. टेबललॅम्प पानाच्या जवळजवळ पातळीत आडवा धरला की ब्रशचे फटकारेसुद्धा दिसतात. प्रत्येक डागाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून तक्ता केला, सुट्या लेबलांचाही केला. बिडीची लेबलं एकाच मापाची, त्यामुळे तिथे हा उपाय फसला. चादरींच्या लेबलांत मात्र मापं वेगवेगळी होती. अकरा लेबलं नुसत्या मापावर जागी बसली.

दुसरी खूण फाटण्याची. सोडवताना लेबलाच्या पाठीचा कागद कुठे कुठे पानावरच राहिला होता. पानावर जिथे कागदाचा पापुद्रा, तिथे लेबलाच्या पाठीवर तोच आकार उडालेला. दोन्हींचे फोटो काढून एक उलटा करून जुळवायचा. हे काम विद्यार्थ्यांनी माझ्यापेक्षा भराभर केलं.

तिसरी खूण मला सगळ्यात आवडली. मालक काम झालं त्याच दिवशी नमुना डकवत, म्हणजे शाई पुरती वाळलेली नसायची. वही मिटली की समोरच्या पानावर लेबलाची उलटी, पुसट छाप उठायची. छापखान्यात याला सेट-ऑफ म्हणतात आणि एरवी तो दोष. कागदाच्या थप्पीत असं झालं की मालक ओरडतो. इथे त्या दोषाने आमची लाज राखली. लेबल गेलं तरी समोरच्या पानावर त्याचं आरशातलं रूप उरलं होतं : मोराची मान, अर्धा 'श', किमतीतला एखादा आकडा. लाल शाईची छाप चांगली टिकली होती, पिवळीची डोळ्यांना दिसतही नव्हती.

या तिन्ही खुणा मिळून एक्केचाळीसपैकी तेहतीस लेबलं आपापल्या जागी गेली. आठ राहिली. जागी लागलेलीही पुन्हा खळीने चिकटवली नाहीत. प्रत्येकाला आम्लरहित कागदाचं पाकीट केलं, त्यावर पानाचा आणि जागेचा क्रमांक घातला, आणि पानावर पेन्सिलीने पाकिटाचा. साधी शिसपेन्सिल, कॉपी पेन्सिल नव्हे! वही आता डब्यात आडवी ठेवली आहे. डांबरगोळ्या नाहीत, चिकटपट्टी नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही.

क्रम लागल्यावर बाकीच्या तारखा लावणं पुष्कळ सोपं गेलं. छापील कागद स्वतःच बऱ्याच गोष्टी बोलून जातो. किंमत रुपये-आण्यांत असेल तर बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीची. 'नये पैसे' असेल तर एप्रिल १९५७ ते मे १९६४ या दरम्यानची, कारण १ जून १९६४ पासून 'नया' हा शब्द गळाला. पत्त्यात मुंबई राज्य असेल तर १ मे १९६० पूर्वीचं. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचं. वजन शेर-छटाकांत की ग्रॅममध्ये, तेही बघायचं. आणि एक खूण फक्त मराठी वाचणाऱ्याला दिसते, ती म्हणजे अनुस्वार. 'नांव', 'येथें', 'कांहीं' असं लिहिलेलं असेल तर ते १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या वळणाचं. ही खूण एकटी धरून चालत नाही. कंपोझिटरच्या हाताला लागलेली सवय सरकारी नियमाने सुटत नाही. अण्णांनी १९७० नंतरही 'नांव' जुळवलेलं आहे आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही.

आता त्यातलं एकच लेबल नीट बघू.

चादरीचं लेबल, साधारण पोस्टकार्डाएवढं. जागा : गिरणीच्या हँडबिलाआधी तीन पानं, म्हणजे १९४९ ची पहिली सहामाही. एक बाई चादर झटकते आहे. दोन्ही हात वर, चादर वाऱ्याने फुगलेली, बाईचा चेहरा एका बाजूला वळलेला. रंग दोनच, लाल आणि निळा. पण लेबलात चार रंग दिसतात. साडी पांढरी आहे, ती कोऱ्या कागदाची. केस, डोळा आणि नावाच्या अक्षरांची सावली काळपट जांभळी आहे, ती लालवर निळा छापून मिळवलेली. ट्रेडलवर एका रंगाला एक फेरी, प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे, आणि प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा. चित्रकाराने दोन रंगांच्या पैशांत चार रंग काढून दिले होते.

भिंग लावलं की आणखी एक गोष्ट दिसते. बाईच्या नाकाच्या डाव्या कडेला केसाएवढी पांढरी रेघ आहे. लाल रंग अर्धा मिलिमीटर उजवीकडे सरकलाय. ट्रंकेत याच लेबलाची दुसरी प्रत सापडली, तिच्यात ही रेघ नाही. म्हणजे वहीत गेलेली प्रत सरकलेली, गिऱ्हाइकाला गेलेली बिनचूक. बिघडलेला माल वहीत आणि चांगला दुकानात, हा हिशेब कुठल्याही छापखान्यात तोच असणार.

आणि ती चादर. चित्रातल्या चादरीवरची फुलं गोल नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची आहेत, मागावर विणल्यासारखी. ते का, हे ट्रंकेतल्या चौकटीच्या कागदाने सांगितलं. सोलापुरी चादर जॅकार्डवर विणतात. आधी नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवायची, एकेक चौकोन भरायचा, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, आणि त्या भोकांवरून कुठला ताणा वर उचलायचा ते माग ठरवतो. चादरीच्या काठाला विणलेलं नावही असंच चौकोनांत काढावं लागतं. आमच्या कागदावर 'श्री' काढलेला आहे. शिरोरेघ सरळ, ती सोपी. पण 'श'ची गाठ आणि वेलांटीचा वळसा चौकोनांत बसवताना तीनदा खोडून चौथ्यांदा जमवलेला दिसतो. शेवटी वेलांटी एका चौकोनाने बुटकी केली आणि अक्षर उभं राहिलं. हाच 'श्री', हीच बुटकी वेलांटी, लेबलावरच्या अक्षरांतही आहे, जिथे चौकोनांची काही सक्ती नव्हती. चादरीचा नक्षीकार आणि लेबलाचा चित्रकार एकच माणूस होता, हे आम्हाला त्या वेलांटीने दाखवलं.

अण्णा त्यांना 'मास्तर' म्हणतात. शाळेत ड्रॉइंग मास्तर, संध्याकाळी नक्षी, रात्री प्रेसचं काम. त्यांच्या मुलीने नाव छापू नका म्हणून सांगितलं आहे, म्हणून इथेही मास्तरच. मुंबईला जे. जे. कलाशाळेत १९३५ पासून व्यावसायिक कलेचा विभाग होता, पण मास्तर तिकडे गेले नाहीत. त्यांची शाळा दिवाळी अंकांची. मुलीकडच्या पेटीत दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'ची मुखपृष्ठं कापून ठेवलेली आहेत, रघुवीर मुळगावकरांची कॅलेंडरं आहेत, आणि शेजारच्या गुलबर्ग्याच्या एस. एम. पंडितांची देवांची चित्रं.

इथे माझं एक मत मांडते. आपण अशा गावाकडच्या कामाला पटकन 'दलालांची नक्कल' म्हणतो. मास्तरांची बाई दलालांच्या बाईची धाकटी बहीण वाटते, हे खरंच आहे. पण पेटीत तिघेही होते, मग मास्तरांनी दलालांचंच का घेतलं, हा प्रश्न विचारायला हवा. पंडित आणि मुळगावकर यांच्या चित्रात त्वचेवर उजेड हळूहळू उतरत जातो. तो उतार छापायचा तर हाफटोन हवा, बारीक ठिपक्यांचे चार ब्लॉक हवेत, गुळगुळीत आर्ट पेपर हवा. साखर पेठेतल्या ट्रेडलवर, खरखरीत स्वस्त कागदावर ते ठिपके भरून येतात आणि चेहऱ्यावर काजळी धरते. दलालांची ठसठशीत रेघ आणि सपाट रंग मात्र लाइन ब्लॉकवर, म्हणजे ठिपक्यांशिवायच्या ठशावर, जसेच्या तसे उतरतात. मास्तरांनी पायाखालचं मशीन बघून गुरू निवडला. जॉबबुकात एक हाफटोन ब्लॉक मुंबईहून मागवल्याची नोंद आहे आणि तिच्यापुढे मालकांच्या अक्षरात एकच शब्द : 'डाग'.

त्या बाईचं पुढे काय झालं तेही वहीतच आहे. बरीच पानं ओलांडल्यावर ती पुन्हा भेटते, धुण्याच्या साबणाच्या वेष्टनावर. तेच वर गेलेले हात, तोच वळलेला चेहरा. चादरीवरची फुलं गेली, तिथे पांढरा कपडा आला आणि खाली किंमत नये पैशांत. म्हणजे निदान सात-आठ वर्षांनंतर. माझ्या 'स्त्रिया' फोल्डरमध्ये ही दोन्ही लेबलं शेजारीशेजारी होती आणि मी त्यावर 'लोकप्रिय प्रतिमा' अशी चिठ्ठी लावली होती. खरी गोष्ट ड्रॉवरमध्ये निघाली. चादरीचा निळा ब्लॉक करवतीने कापलेला आहे. फुलांचा भाग गेला, बाई राहिली. अण्णा म्हणाले, चादरवाल्याचा धंदा बसला, ब्लॉक प्रेसमध्ये पडून होता, साबणवाल्याला नव्या चित्राचे पैसे द्यायचे नव्हते. "मालक म्हणाले, बाई हाय की आपल्याकडं. हातातलं धुणं बदला." कापल्यावर मास्तर आठ दिवस प्रेसमध्ये फिरकले नाहीत, असंही अण्णांनी सांगितलं. याला कागदाचा पुरावा नाही, म्हणून नोंदवहीत ते 'सांगोवांगी' या रकान्यात आहे.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात. रेघेच्या कामाला बाराशे डीपीआय, बाकीच्याला सहाशे, टिफ फाइल, प्रत्येक स्कॅनमध्ये रंगपट्टी आणि मोजपट्टी. कागदाचा पिवळेपणा घालवायचा नाही. ठिपक्यांच्या छपाईवर स्कॅनरची जाळी आडवी पडून लहरी उठतात, त्या मूळ फाइलमध्ये पुसायच्या नाहीत. छापायची वेळ आली की प्रतीवर काय ते करावं. पानाचा पुढचा, मागचा आणि रिकामाही भाग स्कॅन केला. रिकामा कशाला, हे आता मला कुणी विचारत नाही.

हक्कांचं प्रकरण मात्र चिवट निघालं. एका कापड दुकानदाराला ती चादरवाली बाई पिशवीवर छापायची होती. कधीची जुनी आहे, कुणाची परवानगी लागते, असं त्याचं म्हणणं. कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं असतो. मास्तर १९६८ मध्ये गेले, म्हणजे २०२८ च्या अखेरपर्यंत. पण हक्क मास्तरांचा की चादरवाल्याचा? १९५७ च्या कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जाते. तो कायदा २१ जानेवारी १९५८ ला अमलात आला, आणि बाई १९४९ ची, त्यामुळे आधीचा १९१४ चा कायदा बघणं आलं. शिवाय लेबलावरचं नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेलं असेल आणि कुणी नूतनीकरण करत राहिलं असेल, तर त्याला मुदतच नाही. वकिलांनी दोन पानी उत्तर दिलं, आणि मी दुकानदाराला नाही म्हणाले. अभ्यासासाठी कुणीही यावं, बघावं. पिशवीसाठी आधी मास्तरांच्या मुलीकडे आणि चादरवाल्याच्या वारसांकडे जावं. तो नाराज झाला. वहिनीही थोड्या झाल्या, कारण त्यातून चार पैसे मिळाले असते. त्यांची नाराजी मला पटते.

वही, ब्लॉक आणि जॉबबुक अजून त्यांच्याच मालकीचं आहे, माझ्याकडे लेखी करारावर सांभाळायला. दुसरी चिकटवही उघडलेली नाही. आधी पानोपान फोटो, मग बाकीचं.

पहिल्या वहीत मागच्या आठवड्यापर्यंत एक पान अडलं होतं. समोरच्या पानावर लाल छाप आहे, स्पष्ट, पण तिच्या मापाचं लेबल आमच्याकडे नाही. ते माझ्या किटलीच्याही आधी कुणीतरी काढून नेलेलं असणार. मी फोटो काढला, कॉम्प्युटरवर उलटा केला, काळं-पांढरं गडद केलं. तेलुगू अक्षरं आहेत एवढं कळलं. खालचा आकडा मी आठ वाचला आणि तसा नोंदवला.

अण्णा आले, तेव्हा मी त्यांना स्क्रीन दाखवायला लागले. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंही नाही. वही ओढून घेतली, उलटी फिरवली आणि पानावरची ती पुसट, उफराटी छाप आपण पेपर वाचतो तशी सरळ वाचून काढली. चाळीस वर्षं खिळे उलटेच वाचलेले डोळे. नाव वाचलं, पेठ वाचली, मग आकड्यावर थांबले.

"आठ नव्हं मॅडम, सहा. सहा रुपये चार आणे. एका चादरीला!" आणि हसायला लागले. "म्हणूनच खपली नसंल."

नोंदवहीत मी आठ खोडून सहा केले आणि शेरा लिहिला : मूळ लेबल उपलब्ध नाही, फक्त छाप. वाचन : अण्णा.